कँटर का पडला?

गेले दोन विकांत एका निवडणुकीच्या मागे घालवले. निवडणूक आपल्याकडची नाही. २०१४ सालची, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका मतदारसंघातली, आणि तीही पक्षांतर्गत. एकूण मतं पडली साधारण ६५ हजार. आपल्याकडे विधानसभेला एवढी मतं एकटा उमेदवार घेतो आणि तरी पडतो.

पण १० जून २०१४ च्या त्या संध्याकाळी एरिक कँटर नावाचा माणूस हरला. हा अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातला, म्हणजे हाउसमधला, रिपब्लिकन पक्षाचा मेजॉरिटी लीडर. स्पीकरच्या खालोखाल क्रमांक दोन, आणि पुढचा स्पीकर हाच असं जवळजवळ सगळे धरून चाललेले. मेजॉरिटी लीडर हे पद १८९९ पासून आहे. तेव्हापासून त्या पदावर असताना स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत पडलेला हा पहिला माणूस. पाडणारा कोण, तर एका छोट्या कॉलेजातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, ज्याचं नाव राज्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि भांडणाचा मुख्य विषय होता इमिग्रेशन.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? सांगतो. मध्यंतरी प्रोजेक्टसाठी सहा महिने रिचमंडला ऑनसाइट होतो. शहराच्या पश्चिमेला हेन्रायको काउंटीत शॉर्ट पंप म्हणून उपनगर आहे. तिथे आणि शेजारच्या ग्लेन अ‍ॅलनमध्ये आपली माणसं भरपूर. शनिवारी कुणाकडेही जेवायला जा, भाजीत मीठ किती इथून सुरू झालेली चर्चा 'तुझी प्रायॉरिटी डेट कुठली?' इथे येऊन थांबते. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभे असलेले लोक बघितले. मुलं तिथली, घर तिथलं, कागद मात्र पक्के नाहीत. नंतर वाचताना लक्षात आलं की २०१४ मध्ये हा सगळा भाग कँटरच्याच मतदारसंघात होता. म्हणजे ज्या निवडणुकीचा या रांगेशी संबंध आहे ती याच गल्ल्यांमध्ये झाली, आणि या रांगेतल्या कुणालाच तिच्यात मत नव्हतं.

तर बघूया झालं काय होतं ते.

तिकीट कोण देतं?

आधी प्रायमरी समजून घ्यायला हवी. आपल्याकडे तिकीट वरून येतं. हायकमांडच्या मनात असेल त्याला एबी फॉर्म मिळतो, बाकीचे रुसतात, बंडखोरी करतात, दुसऱ्या पक्षात उडी मारतात. अमेरिकेत पक्षाध्यक्षाच्या हातात एबी फॉर्म नसतो. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी मतदारांमध्येच एक निवडणूक होते, ती प्रायमरी. पक्षाच्या दोन नंबरच्या नेत्यालाही आपलं तिकीट दर दोन वर्षांनी असं मागून घ्यावं लागतं.

ऐकायला हे फारच लोकशाहीवादी वाटतं. गोम अशी आहे की प्रायमरीला लोक येतच नाहीत. ज्यांच्या पोटात आग आहे ते येतात. कँटरच्या मतदारसंघाची, म्हणजे व्हर्जिनियाच्या सातव्या डिस्ट्रिक्टची, लोकसंख्या होती सव्वासात लाखांच्या आसपास. प्रायमरीला आले ६५ हजार. जिंकणाऱ्याला मिळाली ३६ हजार. म्हणजे शंभरातल्या पाच जणांनी निर्णय घेतला.

आणि निर्णय खरोखरच तिथेच झाला, कारण नोव्हेंबरमधली मुख्य निवडणूक इथे औपचारिकता होती. २०१० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा हा मतदारसंघ रिपब्लिकनांसाठी आणखी सुरक्षित करून घेतलेला होता. न्यू केंटसारखा पक्का रिपब्लिकन भाग आत घेतला, रिचमंड शहरातला डेमोक्रॅट भाग थोडा बाहेर काढला. डेमोक्रॅट उमेदवाराची भीती संपली. पण ज्याला विरोधकांची भीती उरत नाही त्याला घरच्यांची भीती सुरू होते. ज्या भिंती कँटरच्या रक्षणासाठी बांधल्या, त्यांच्याच आत तो पुढे अडकला.

कँटर कोण होता

कँटर रिचमंडचाच. वकील, राज्याच्या विधिमंडळात काही वर्षं, आणि मग २००० साली वॉशिंग्टनची पहिली निवडणूक. गंमत म्हणजे तेव्हाची प्रायमरी त्याने अवघ्या २६३ मतांनी जिंकली होती! प्रायमरी म्हणजे काय चीज आहे हे ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तो हाच.

२०१० च्या निवडणुकीत 'टी पार्टी'ची लाट आली. कर कमी करा, खर्च कमी करा, ओबामांना अडवा असं म्हणणारे डझनावारी नवे खासदार निवडून आले आणि हाउस रिपब्लिकनांच्या ताब्यात गेलं. जॉन बेनर स्पीकर झाला, कँटर मेजॉरिटी लीडर. ओबामांशी वाटाघाटींत बेनर मवाळ आणि कँटर कडवा अशी त्या काळातली प्रतिमा होती. म्हणजे २०१४ मध्ये हा माणूस 'पुरेसा कट्टर नाही' म्हणून पडला असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं की तीनच वर्षांपूर्वी त्याला फार कट्टर म्हणून नावं ठेवली जात होती. माणूस तिथेच होता, जमीन सरकली.

भांडण जुनंच

इमिग्रेशनवरून रिपब्लिकन पक्षात दोन तट आहेत हे काही २०१४ मध्ये उगवलेलं नाही. एका बाजूला उद्योगधंदे, शेतमालक, चेंबर ऑफ कॉमर्स: यांना माणसं हवीत, शेतात टोमॅटो तोडायलाही आणि ऑफिसात कोड लिहायलाही. दुसऱ्या बाजूला पक्षाचा गावोगावचा मतदार: त्याला वाटतं की बाहेरून येणाऱ्यांमुळे मजुरी पडते, शाळा-दवाखान्यांवर भार येतो, आणि कायदा मोडून आलेल्याला बक्षीस मिळतं. पैसा पहिल्या तटाकडे, मतं दुसऱ्या तटाकडे.

१९८६ मध्ये रेगनने एका कायद्यावर सही केली. बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना त्यातून कायदेशीर दर्जा मिळाला. बदल्यात यापुढे बेकायदा माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकांना दंड होईल असं ठरलं होतं. पहिला भाग झाला, दुसरा कागदावरच राहिला आणि बेकायदा येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. तेव्हापासून 'अ‍ॅम्नेस्टी', म्हणजे सरसकट माफी, हा शब्द रिपब्लिकन मतदारांत शिवीसारखा झाला. पुढे बुश धाकट्याने २००७ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात, मिळाली ४६. त्याच्याच पक्षातल्या बहुसंख्य सिनेटरांनी त्याला साथ दिली नाही.

आणि प्रायमरीत काय होऊ शकतं याचा इशाराही तेव्हाच मिळाला होता. युटा राज्यात ख्रिस कॅनन नावाचा रिपब्लिकन खासदार होता, इमिग्रेशनवर बुशच्या बाजूने बोलणारा. त्याच्या प्रायमरीचे आकडे बघा: २००४ मध्ये ५८ टक्के, २००६ मध्ये ५६ टक्के, २००८ मध्ये ४० टक्के. जेसन चॅफेट्झ नावाच्या नव्या माणसाने त्याला घरी बसवलं. सर्व्हरचा असा ग्राफ दिसला असता तर कुणीही वेळेत अलार्म लावला असता. पण कॅनन हा काही मोठा नेता नव्हता. युटाची गोष्ट युटात राहिली.

२०१३ चं विधेयक

नोव्हेंबर २०१२. मिट रॉम्नी हरला. लॅटिनो मतदारांमध्ये त्याला अवघी २७ टक्के मतं. प्रचारात त्याने म्हटलं होतं की बेकायदा लोकांचं जगणं इतकं अवघड करू की ते आपणहून परत जातील. पराभवानंतर पक्षाने चिंतन केलं (चिंतन बैठका तिकडेही असतात!) आणि मार्च २०१३ मध्ये अहवाल काढला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पक्षाने सर्वंकष इमिग्रेशन सुधारणेला पाठिंबा द्यायला हवा, नाहीतर पक्षाचा पाया आकसत जाईल.

सिनेटमध्ये चार रिपब्लिकन आणि चार डेमोक्रॅट अशा आठ जणांनी मिळून विधेयक बनवलं. २७ जून २०१३ ला ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. १४ रिपब्लिकन सिनेटर बाजूने होते. त्यात काय होतं? बेकायदा राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांसाठी १३ वर्षांचा नागरिकत्वाचा लांबलचक रस्ता. सीमेवर २० हजार जादा जवान आणि ७०० मैलांचं कुंपण. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी.

पहिली, एच-१बी ची ६५ हजारांची मूळ मर्यादा वाढवत १ लाख ८० हजारांपर्यंत नेण्याची सोय. दुसरी, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, ही अट काढून टाकणे. शॉर्ट पंपमधल्या त्या शनिवारच्या गप्पांचं मूळ या ७ टक्क्यांत आहे. भारतातून अर्ज करणारे लाखांनी, आणि कोटा इतर देशांइतकाच. म्हणून आपली रांग संपत नाही.

तिसरी गोष्ट मात्र उलट दिशेची. ज्या कंपन्यांचे बरेचसे कर्मचारी एच-१बी वर आहेत त्यांच्यावर कडक बंधनं: जादा फी, क्लायंटच्या जागेवर माणूस बसवायला मनाई. हे थेट भारतीय आयटी सर्व्हिस कंपन्यांवर होतं, आणि नॅसकॉमने या कलमांना जोरदार विरोध केला. म्हणजे बघा, ज्यांच्यामुळे आपण तिकडे जातो त्या कंपन्यांना विधेयकातली ही कलमं नको होती, आणि जे तिकडे जाऊन रांगेत उभे होते त्यांना विधेयक हवं होतं. तट फक्त रिपब्लिकनांतच नव्हते.

दोन दगडांवर पाय

विधेयक सिनेटमधून निघालं आणि हाउसच्या दारात येऊन बसलं. तिथे एक अलिखित नियम आहे. स्पीकर सहसा असं विधेयक मतदानाला आणत नाही ज्याला त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुमताचा पाठिंबा नाही. सगळे डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून हे विधेयक हाउसमध्येही मंजूर झालं असतं असं तेव्हा अनेकांचं गणित होतं. पण मतदानच झालं नाही. बेनर आणि कँटर दोघांनी सांगितलं की सिनेटचं विधेयक आम्ही घेणार नाही, आम्ही आमचे छोटे छोटे तुकडे करू.

इथे कँटरची कसरत सुरू होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने एका मोठ्या भाषणात म्हटलं होतं की आईवडिलांनी लहानपणी आणलेल्या मुलांना कायदेशीर दर्जा आणि नागरिकत्व मिळायला हवं, त्यांचा काही दोष नाही. अशा मुलांसाठी वेगळं विधेयक आणायची भाषाही त्याने केली. ते विधेयक कधी मांडलंच गेलं नाही. जानेवारी २०१४ च्या अखेरीस हाउसच्या रिपब्लिकन नेतृत्वाने तत्त्वांचा एक कागद काढला, त्यात बेकायदा राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा खास रस्ता नाही पण कायदेशीर दर्जा शक्य, असं लिहिलं. पक्षात गदारोळ झाला आणि आठवड्याभरात बेनरने हात वर केले. ओबामा कायदा नीट राबवतील यावर आमच्या लोकांचा विश्वास नाही, असं कारण दिलं.

मग वसंतात प्रायमरीचा प्रचार सुरू झाल्यावर कँटरने मतदारसंघात पत्रकं पाठवली. त्यांत काय? तर ओबामा आणि हॅरी रीड यांचा अ‍ॅम्नेस्टीचा डाव कँटरनेच हाणून पाडला. तोच माणूस वॉशिंग्टनमध्ये मुलांच्या बाजूने सहानुभूतीने बोलणार आणि घरी येऊन आपण सगळं अडवलं म्हणणार. हे दोन्ही कदाचित खरंही असेल. पण मतदाराला त्यातून एकच कळलं की हा गडी नक्की कुणाचा ते सांगता येत नाही.

मेच्या अखेरीस तर कमाल झाली. शिकागोचा डेमोक्रॅट खासदार लुइस गुतिएरेझ रिचमंडला आला आणि म्हणाला, इमिग्रेशन सुधारणा कँटरने अडवून धरली आहे. त्याच सुमारास कँटरचा पक्षातला प्रतिस्पर्धी तिथेच सांगत होता, कँटर अ‍ॅम्नेस्टी आणायला निघालाय. दोन्ही बाजूंचे लोक एकाच माणसावर उलट आरोप करत होते आणि मजा म्हणजे दोघांकडेही पुरावे होते.

प्राध्यापक ब्रॅट

डेव्ह ब्रॅट हा अ‍ॅशलंड गावातल्या रँडॉल्फ-मेकन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. प्रचाराचा एकूण निधी साधारण २ लाख डॉलर. कँटरचा खर्च ५० लाखांच्या वर. न्यूयॉर्क टाइम्सने नंतर हिशोब काढला तेव्हा दिसलं की कँटरच्या मोहिमेने नुसत्या स्टेकहाउसांमध्ये १ लाख ६८ हजार डॉलर खर्च केले होते. म्हणजे ब्रॅटच्या अख्ख्या निवडणुकीच्या जवळपास इकडे जेवणावळींतच गेले. टी पार्टीच्या राष्ट्रीय संघटनांनीही ब्रॅटवर पैसे लावले नाहीत. हा निवडून येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

ब्रॅटचं बोलणं नीट ऐकलं तर ते नुसतं 'बाहेरच्यांना हाकला' असं नव्हतं. त्याची मांडणी वर्गाची होती. तो म्हणायचा, कँटर तुमचा प्रतिनिधी राहिलेला नाही, तो वॉल स्ट्रीटचा आणि चेंबर ऑफ कॉमर्सचा प्रतिनिधी आहे. मोठ्या कंपन्यांना स्वस्त मजूर हवेत, त्याची किंमत तुम्ही तुमच्या पगारातून मोजता. २०१२ मध्ये खासदारांच्या शेअरबाजारातल्या व्यवहारांवर बंधनं घालणारा कायदा आला, तो कँटरने पातळ केला, हेही तो प्रत्येक सभेत सांगायचा. म्हणजे इमिग्रेशन हा एक धागा होता, आणि त्याला ब्रॅटने बाकीचा सगळा राग गुंडाळला.

त्याला आवाज मिळाला रेडिओवरून. लॉरा इंग्रॅहम आणि मार्क लेव्हिन यांचे कार्यक्रम तेव्हा लाखो लोक गाडीत बसून ऐकायचे. इंग्रॅहम मतदानाच्या आठवडाभर आधी स्वतः मतदारसंघात आली आणि तिच्या सभेला शेकडो लोक जमले. नेमक्या त्याच दिवसांत टेक्सासच्या सीमेवर मध्य अमेरिकेतून एकटी येणारी मुलं हजारोंनी दाखल होत होती. त्या आर्थिक वर्षात सीमेवर एकट्या आलेल्या सगळ्या मुलांचा आकडा ६८ हजारांच्या पुढे गेला. रोज टीव्हीवर तीच दृश्यं. ब्रॅट काय म्हणतोय ते वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

कँटरने उत्तर काय दिलं? टीव्हीवर जाहिराती केल्या की ब्रॅट हा 'लिबरल प्राध्यापक' आहे. ज्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं त्याचं नाव कँटरने स्वखर्चाने घराघरांत पोचवलं!

१० जूनची संध्याकाळ

कँटरच्या पोलस्टरचा अंदाज होता ३४ टक्क्यांची आघाडी. मतदानाच्या दिवशी सकाळी कँटर मतदारसंघात नव्हताच, वॉशिंग्टनमध्ये एका कॉफीच्या दुकानात लॉबिइस्ट मंडळींबरोबर बैठकीला होता. संध्याकाळी सात वाजता मतदान संपलं आणि साधारण तासाभरात निकाल स्पष्ट झाला: ब्रॅट ३६,१०५, कँटर २८,९१२. टक्क्यांत साडेपंचावन्न विरुद्ध साडेचव्वेचाळीस. अंदाज ४५ टक्क्यांनी चुकला.

रिचमंडच्या हॉटेलात कँटरने छोटंसं भाषण करून पराभव मान्य केला. तो निघून गेल्यावर इमिग्रेशन सुधारणेच्या बाजूचे कार्यकर्ते घोषणा देत त्याच सभागृहात शिरले. ज्याला अ‍ॅम्नेस्टीवाला म्हणून पाडलं, त्याच्या पराभवाच्या रात्री अ‍ॅम्नेस्टी मागणारेही त्याच्यावरच चिडलेले होते.

आरसीए

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला काही पडलं की दुसऱ्या दिवशी आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा शोध, लिहावा लागतो. त्यातला पहिला धडा असा की जे कारण सगळ्यात मोठ्याने ओरडून सांगितलं जातंय ते आधी तपासा.

पहिली थिअरी कँटरच्या पोलस्टरची: डेमोक्रॅटांनी घुसून मतदान केलं. व्हर्जिनियात मतदाराची पक्षवार नोंदणी नसते, त्यामुळे कुणीही कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. बेन जोन्स नावाच्या माजी डेमोक्रॅट खासदाराने तसं आवाहनही केलं होतं. पण ब्रॅटला सगळ्यात घसघशीत आघाडी मिळाली ती हॅनोव्हरसारख्या कट्टर रिपब्लिकन काउंटीत. डेमोक्रॅट घुसले असते तर हे चित्र उलटं दिसायला हवं होतं.

दुसरी थिअरी, इमिग्रेशन आणि फक्त इमिग्रेशन. ही त्या रात्रीच सगळीकडे पक्की झाली. पण त्याच दिवशी, १० जूनलाच, शेजारून जरा खाली साउथ कॅरोलायनात लिंडसे ग्रॅहमचीही प्रायमरी होती. ग्रॅहम म्हणजे सिनेटचं विधेयक लिहिणाऱ्या आठ जणांपैकी एक. समोर सहा विरोधक. तो ५६ टक्के घेऊन पहिल्याच फेरीत आरामात जिंकला. मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनात रेनी एल्मर्स ही खासदारही जिंकली होती, आणि तीही कायदेशीर दर्जाच्या बाजूने उघड बोलायची, इंग्रॅहमशी रेडिओवर भांडलीसुद्धा होती. ही दोघं आपली बाजू लपवत नव्हती. पटत नसेल तर नका मत देऊ, पण मी हे मानतो, असा सूर. कँटरने दोन्ही बाजूंना आशा दाखवली आणि दोन्ही बाजूंचा विश्वास घालवला.

तिसरी थिअरी, माणूस घरी नव्हता. देशभर फिरून इतरांसाठी निधी गोळा करायचा, पुढचा स्पीकर व्हायचं, आणि मतदारसंघात सुरक्षारक्षकांच्या गराड्यात दोन तास येऊन जायचं. मे महिन्यात पक्षाच्या जिल्हा अधिवेशनात त्याला लोकांनी हूट केलं आणि त्याचा माणूस जिल्हाध्यक्षपदाची निवडणूक हरला. हा शेवटचा अलार्म होता. तोही कुणी बघितला नाही.

मला वाटतं दुसरी आणि तिसरी थिअरी एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. 'हा आता आपला राहिला नाही' ही भावना आधीपासून होती, इमिग्रेशनने तिला बोलायला शब्द दिले. दूर गेलेल्या माणसाने कुंपणावर बसायचं नसतं. घरोब्यातल्या माणसाचं कुंपण एकवेळ खपून जातं.

अर्थ लावणाऱ्यांचं राज्य

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. वॉशिंग्टनमधल्या उरलेल्या रिपब्लिकन खासदारांनी आरसीए लिहिला नाही. त्यांनी हेडलाइन वाचली: इमिग्रेशनला हात लावला, दोन नंबरचा नेता गेला. ग्रॅहमचा विजय कुणाच्या लक्षात राहिला नाही. भीती ही बातमीच्या आकारावर ठरते, नमुन्याच्या आकारावर नाही.

विधेयक फेब्रुवारीतच आजारी होतं हे मान्य. जूनमध्ये मात्र त्याचा श्वास थांबला. महिनाअखेरीस, ३० जूनला, ओबामांनी जाहीर केलं की यंदा हाउसमध्ये मतदान होणार नाही असं बेनरने आपल्याला सांगितलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये ती काँग्रेस संपली आणि सिनेटचं विधेयकही आपोआप बाद झालं. मतदानात हरलं नाही. मतदान झालंच नाही.

कायद्याचं दार बंद झालं म्हणून ओबामांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये अधिकाराच्या खिडकीतून जायचा प्रयत्न केला. लाखो पालकांना हद्दपारीपासून दिलासा देणारी त्यांची योजना न्यायालयाने सुरू होण्याआधीच रोखली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशा बरोबरीत ती संपली. आपल्या लोकांना त्या काळात मिळालेली एक गोष्ट म्हणजे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना कामाची परवानगी. अनेक मराठी घरांत बायकोचं करिअर त्यावर उभं राहिलं. पण तो नियम आहे, कायदा नव्हे. सरकार बदललं की त्याच्यावरची टांगती तलवार पुन्हा हलायला लागते. ७ टक्क्यांची अटही अजून तशीच आहे. २०१९ मध्ये ती काढणारं वेगळं विधेयक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड बहुमताने मंजूर झालं, तरी कायदा झाला नाही.

बाकीच्यांचं काय झालं? कँटरने जुलैअखेरीस पद सोडलं, ऑगस्टमध्ये खासदारकीही, आणि सप्टेंबरमध्ये तो मोएलिस या गुंतवणूक बँकेत रुजू झाला. हा वॉल स्ट्रीटचा माणूस आहे असं ब्रॅट सांगत होता, ते कँटरने तीन महिन्यांत स्वतःच सिद्ध करून दाखवलं! ब्रॅट नोव्हेंबरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त मतांनी सहज निवडून आला. १६ जून २०१५ ला, म्हणजे त्या संध्याकाळनंतर वर्ष आणि सहा दिवसांनी, ट्रम्पने न्यूयॉर्कमध्ये उमेदवारी जाहीर केली आणि पहिल्याच भाषणात इमिग्रेशनला हात घातला. सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये जे ६५ हजार मतांत दिसलं होतं ते मग देशभर दिसलं. आणि २०१८ मध्ये ब्रॅट स्वतः पडला, अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर या डेमोक्रॅट उमेदवाराकडून. २०२५ मध्ये ती व्हर्जिनियाची गव्हर्नर म्हणून निवडून आली. ज्या मतदारसंघात डेमोक्रॅटची भीतीच नाही असं धरलं होतं, त्याची ही कथा.

हे सगळं वाचून ब्रॅटच्या मतदारांवर मला राग येत नाही हे लिहून ठेवतो. त्यांनी त्यांचं मत दिलं, ते देण्यासाठी मंगळवारी कामातून वेळ काढून गेले. राग आला तर तो घरी बसलेल्यांचा येतो, आणि त्याहून जास्त त्या चारशेपस्तीस जणांच्या सभागृहाचा, ज्याने एका मतदारसंघाच्या निकालाआड लपून साधं हात वर करून मतदानही केलं नाही. 'नको' म्हणाले असते तरी चाललं असतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नकार पचवता येतो. तो सामान आवरतो, परत येतो, नाहीतर कॅनडाचा फॉर्म भरतो. त्याला न पचणारी गोष्ट म्हणजे खिडकीवरच्या माणसाने काहीच न सांगता उठून जाणं.

असो. पुढच्या प्रायमरीच्या सीझनमध्ये कुठल्या तरी अनोळखी काउंटीचा निकाल बातम्यांत दिसला तर तो सोडून देऊ नका. टक्क्यांच्या आधी एकूण मतं किती पडली ते बघा.